खेळापुरती मेमरी

गेमिंगसाठी नवा कॉम्प्युटर जुळवायला घेतला की पहिला वाद ग्राफिक्स कार्डावरून होतो आणि दुसरा प्रोसेसरवरून. मेमरीची पाळी शेवटी येते, तेव्हा बजेट जवळजवळ संपलेलं असतं. अशा वेळी दोनच सल्ले कानावर पडतात. एक जण म्हणतो, "सध्या ८ जीबी टाक, नंतर वाढवता येते." दुसरा म्हणतो, "घेतोच आहेस तर ६४ घे, दहा वर्षं बघायला नको." ही पुस्तिका या दोन सल्ल्यांमध्ये सापडलेल्या माणसासाठी लिहिली आहे. सल्ला देणारे दोघंही मनापासूनच बोलत असतात. पण पहिल्याचं ऐकलं तर खेळ अडखळतो, आणि दुसऱ्याचं ऐकलं तर ग्राफिक्स कार्डावर लागायला हवे होते ते पैसे मदरबोर्डावर नुसते पडून राहतात.

मला यातून एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मेमरी कमी पडली तर खेळाची पार रया जाते. ती पुरेशी झाली की त्यापुढच्या प्रत्येक जीबीचा उपयोग झपाट्यानं घटत जातो. ग्राफिक्स कार्डाचं तसं नसतं. वरच्या दर्जाचं कार्ड घेतलं की चित्र तेवढं सुधारतं, फ्रेम तेवढ्या वाढतात. म्हणून मेमरी घेताना "किती परवडेल" हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा आणि "मला किती पुरते" हा विचारावा. याचं उत्तर दुसऱ्या कुणाकडून मिळण्यापेक्षा स्वतःच्या मशीनवर मोजून मिळतं, आणि ते मोजायला एक पैसाही लागत नाही.

मेमरी नेमकं काय करते हे कळलं की बाकीचं बरंच उलगडत जातं. खेळ एसएसडीवर किंवा हार्डडिस्कवर साठवलेला असतो. 'सायबरपंक २०७७'सारखा खेळ तिथे ७० जीबी जागा अडवतो. पण खेळताना एवढं सगळं एकदम लागत नाही. लागतो तो समोरचा रस्ता, त्यावरची माणसं, गाड्यांचे आवाज आणि पुढच्या चौकातल्या इमारती. व्यावसायिक नाटकाचा प्रयोग ज्यानं आतून पाहिला आहे त्याला हे पटकन समजेल. चालू प्रवेशाचं सामान रंगमंचावर असतं, पुढच्या प्रवेशाचं विंगेत मांडून ठेवलेलं असतं आणि उरलेलं नाट्यगृहाबाहेर टेम्पोत असतं. विंग अरुंद असली की ऐन ब्लॅकआउटमध्ये कुणाला तरी टेम्पोपर्यंत पळावं लागतं आणि प्रेक्षक काळोखात ताटकळतात. विंग ऐसपैस असली तर प्रवेश बदलल्याचं कुणाला जाणवतही नाही; मात्र ती दुप्पट रुंद केली म्हणून नाटक अधिक रंगत नाही. रॅम ही खेळाची विंग आहे.

ती पळापळ किती महाग पडते ते आकड्यांत पाहू. रॅममधली गोष्ट प्रोसेसरच्या हाती साधारण ८० ते १०० नॅनोसेकंदांत येते. तीच चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून आणायची तर ५० ते १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे काही शे ते हजारपट वेळ. फिरत्या हार्डडिस्कवरून आणायची तर सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. आता खेळाच्या बाजूनं बघा. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद हाताशी असतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर फक्त ६.९. हार्डडिस्ककडची एकच फेरी १४४ हर्ट्झवरची अख्खी फ्रेम गिळून टाकते. आणि मेमरी भरली की फेरी एकीवर थांबत नाही. विंडोज रॅममधला थोडा भाग पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये, नेऊन ठेवतं, तो लागला की परत आणतं, त्याला जागा करायला दुसरं काही तरी बाहेर काढतं, आणि तेही लगेच लागतं. एसएसडी आल्यापासून हा त्रास पुष्कळ सौम्य झाला, पण गेला नाही.

म्हणूनच मेमरीच्या टंचाईची लक्षणं वेगळी असतात आणि ती ओळखता आली पाहिजेत. ग्राफिक्स कार्ड कमी ताकदीचं असलं तर खेळ सगळीकडे सारखाच मंद चालतो आणि सेटिंग्ज उतरवल्या की सुधारतो. मेमरी अपुरी असली तर ९० फ्रेमनं छान चाललेला खेळ एखाद्या वळणावर अर्धा सेकंद गोठतो, पुन्हा सुरळीत होतो, नव्या भागात शिरताना पुन्हा अडकतो. भिंतीवरचे पोत उशिरा उमटतात. ऑल्ट-टॅब करून ब्राउझरवर गेलं तर तोही जागा व्हायला वेळ घेतो. अशा वेळी सरासरी एफपीएस बघून काहीच कळत नाही, कारण तो आकडा चांगलाच दिसतो. सर्वांत मंद एक टक्का फ्रेमवरून काढलेला 'वन पर्सेंट लो' हा आकडा पाहावा. हाताला जो अडखळलेपणा जाणवतो तो तिथे उघडा पडतो. ग्राफिक्स कार्ड बदलण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकानं आधी एवढी तपासणी करावी असं मला कळकळीनं वाटतं. अनेकांचा प्रश्न कार्डाचा नसतोच.

इतिहासात थोडं मागे जायला हवं, कारण आज किती मेमरी लागते याचं उत्तर तिथून येतं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली एक कल्पना सुचली: एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यात एक बिट साठवायचा. तेव्हा त्याच कामाला सहा ट्रान्झिस्टर लागत. १९६८ साली त्यांना पेटंट मिळालं आणि १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही १ किलोबिटची चिप बाजारात आली. कपॅसिटरमधला भार सतत गळतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मेमरीत हे काम ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा सगळ्या ओळींवर होतं. वीज जाताच रॅम कोरी होते ती त्यामुळेच. पण रचना इतकी साधी असल्यानं ती दाटीवाटीनं बसवता आली आणि स्वस्त होत गेली. डेनार्ड २०२४ साली वारले. आज आपण ज्या स्टिकची किंमत विचारतो तिच्यातला प्रत्येक बिट त्यांच्याच आराखड्यावर उभा आहे, आणि या पुस्तिकेच्या आरंभी त्यांचं नाव असावं अशी माझी इच्छा होती.

या स्वस्ताईवर खेळ बनवणाऱ्यांनी भरवसा ठेवला. १९९३ च्या 'डूम'ला ४ एमबी मेमरी पुरत होती. सायबर कॅफेच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी पोचलेला 'जीटीए व्हाइस सिटी' २००३ मध्ये पीसीवर आला तो १२८ एमबीवर चालत असे. २०१५ मधल्या पीसीवरच्या 'जीटीए ५'नं किमान ४ जीबी मागितली आणि ८ जीबीची शिफारस केली. २०२३ च्या 'हॉगवर्ट्स लेगसी'ची आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'ची किमान अटच १६ जीबी होती. 'डूम'पासून तीस वर्षांत ही भूक ४०९६ पट झाली. मधल्या काळात एक अडसरही येऊन गेला. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीपलीकडचे पत्ते मोजता येत नसत आणि त्यातलेही काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांसाठी राखीव असत. ४ जीबी लावूनही 'माय कॉम्प्युटर'मध्ये सव्वातीनच्या आसपास दिसणारा आकडा त्या काळातल्या पुष्कळांना आठवत असेल. ६४ बिटचं विंडोज रुळलं आणि ती अडचण संपली.

पण ही वाढ दरवर्षी थोडी थोडी होत नाही. ती टप्प्यानं होते, आणि टप्पा ठरवतो कन्सोल. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये २५६ एमबी मुख्य मेमरी आणि तेवढीच ग्राफिक्ससाठी होती. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये एकदम ८ जीबी आली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत १६ जीबी. मोठे स्टुडिओ खेळ लिहितात ते मुख्यतः या यंत्रांवर नजर ठेवून. पीसीची आवृत्ती त्याच साच्यातून निघते. नवा कन्सोल आला की पहिली दोन-तीन वर्षं खेळ जुन्या आणि नव्या दोन्ही यंत्रांसाठी निघतात, म्हणून गरज फारशी बदलत नाही. मग जुनं यंत्र सोडून दिलं जातं आणि पीसीची किमान अट उडी मारते. २०२३ मध्ये नेमकं हेच घडलं. त्या वर्षी ज्यांनी "कालपर्यंत सगळं चालत होतं, आज काय झालं" असं विचारलं त्यांच्या मशीनमध्ये काही बिघडलं नव्हतं; दोन्ही पिढ्यांसाठी खेळ काढण्याचा काळ सरला होता. 'सायबरपंक २०७७'नंही त्याच वर्षी आपली किमान अट ८ वरून १२ जीबीवर नेली.

कन्सोलमधली १६ जीबी आणि पीसीतली १६ जीबी यांची थेट तुलना मात्र करू नये. सिरीज एक्समध्ये १६ पैकी साडेतेरा जीबी खेळाला मिळतात आणि त्यातच चित्राचं सगळं सामानही बसवावं लागतं. पीसीत ग्राफिक्स कार्डाची स्वतःची वेगळी मेमरी असते, ८ किंवा १२ जीबीची. त्या हिशेबानं पीसी श्रीमंत वाटतो. पण पीसीवर विंडोज असतं, अँटिव्हायरस असतो, डिस्कॉर्ड असतो, वीस टॅब उघडलेला ब्राउझर असतो, आणि कार्डाकडे जाणारा बराचसा माल आधी रॅममध्ये उतरतो. पुढचे कन्सोल येऊन, फक्त त्यांच्यासाठी लिहिलेले खेळ सुरू होईपर्यंत १६ जीबी हा पाया टिकेल असा माझा कयास आहे. आराम हवा असेल तर ३२. या दोन आकड्यांच्या बाहेर जायचं तर तसं सबळ कारण हवं.

कारणं असतातच. कुणी फक्त 'व्हॅलोरंट' खेळतो. त्याची अधिकृत अट ४ जीबीची आहे. 'काउंटर-स्ट्राइक २' ८ जीबी मागतं. तरीही ८ जीबीचा नवा कॉम्प्युटर मी कुणाला सुचवणार नाही. विंडोज ११ काही न उघडताही ३-४ जीबी वापरतं, आणि खेळाच्या डब्यावरची किमान अट तुमचे उघडे टॅब धरून लिहिलेली नसते. उलट टोकाला 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४' आहे: किमान १६, शिफारस ३२, आदर्श म्हणून ६४ जीबी. हा खेळ पृथ्वीचा नकाशा उडता उडता मागवत असतो, त्यामुळे त्याची भूक खरी आहे. 'सिटीज : स्कायलाइन्स'सारख्या खेळात मूळ शहर १६ जीबीत सुखानं नांदतं, पण वर्कशॉपमधून हजारो इमारती आणि गाड्या उतरवून घेतल्या की तेच शहर ती मर्यादा सहज ओलांडतं. मॉड घालणाऱ्यांनी डब्यावरचे आकडे विसरावेत. त्यांचं गणित त्यांच्या मॉडच्या फोल्डरमध्ये असतं. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीत तर खेळाला किती मेमरी द्यायची हे आपणच ठरवतो, आणि तिथे गरजेपेक्षा फार जास्त दिली तर कचरा साफ करण्यासाठी जावा मध्येच थांबते आणि खेळाला झटके बसतात. जास्त मेमरीनं प्रत्यक्ष तोटा होण्याचं माझ्या माहितीतलं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर, खेळता खेळता स्ट्रीमिंग यांतलं काही करणाऱ्यानं ३२ पासूनच सुरुवात करावी. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

आता मोजण्याकडे येतो. इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याच्यासाठी मी वेगळं प्रकरण लिहिलं. कुणीतरी ३२ जीबीच्या मशीनवर खेळ चालवतो, टास्क मॅनेजरमध्ये १८ जीबी वापरात दिसते, आणि तो जाहीर करतो की आता १६ जीबी संपली. असं अनुमान काढता येत नाही. मोकळी जागा दिसली की खेळ आणि विंडोज दोघंही पाय पसरतात. व्हिस्टापासून विंडोज रिकामी रॅम पुढे लागू शकणाऱ्या फायलींनी भरून ठेवतं, आणि गरज पडली की तीच जागा क्षणात सोडून देतं. खेळही पुढच्या भागातला माल आगाऊ उतरवून ठेवतात. घेतलेली मेमरी आणि लागणारी मेमरी या वेगळ्या गोष्टी आहेत. खरी टंचाई पाहायची तर तुमचा सर्वांत जड खेळ नेहमीच्या सवयीनं, नेहमीचे प्रोग्रॅम उघडे ठेवून, तासभर खेळा. एकाच खोलीत उभं राहून काही कळणार नाही. नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. मग टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'इन यूज'चा आकडा पाहा आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख पाहा. अडखळण्याच्या प्रत्येक क्षणी तो आलेख उसळत असेल आणि 'इन यूज' छताला टेकलेला असेल, तर मेमरी वाढवा. खेळ अडखळतोय पण आलेख शांत आहे, तर दोष इतरत्र आहे. पैसे जपून ठेवा. खेळ उघडताना आलेख थोडा हलतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

किती घ्यायची याइतकाच महत्त्वाचा, आणि दुकानात हमखास दुर्लक्षिला जाणारा प्रश्न म्हणजे ती किती स्टिकमध्ये घ्यायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या असेंबल करून देणाऱ्याकडे १६ जीबीचं कोटेशन मागितलं तर त्यात १६ ची एकच स्टिक असण्याची शक्यता बरीच असते. कारणही सांगितलं जातं: एक स्लॉट मोकळा राहतो, पुढे वाढवता येईल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण घरगुती मशीनचा प्रोसेसर मेमरीशी दोन वाटांनी बोलतो, आणि एकच स्टिक असली तर त्यातली एक वाट बंद राहते. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माल पोचवते. दोन वेगवेगळ्या वाटांवर, म्हणजे चॅनेलवर, लावल्या तर ५१.२. जिथे प्रोसेसरवर ताण असतो अशा खेळांत हा फरक जाणवतो, आणि तो सर्वांत जास्त दिसतो त्या वन पर्सेंट लोमध्ये. १६ जीबी घ्यायची तर ८-८ च्या दोन, ३२ घ्यायची तर १६-१६ च्या दोन. आणि चार स्लॉटच्या मदरबोर्डावर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच वाटेवर येतात. दुकानातून मशीन उचलण्याआधी झाकण उघडून हे डोळ्यांनी पाहून घ्या.

चारही स्लॉट भरायची हौस डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीच्या काळात महाग पडते. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकसाठी एएमडीनं अधिकृत वेग ५२०० दिला आहे आणि चार स्टिकसाठी फक्त ३६००. म्हणजे "आता दोन, पुढे आणखी दोन" हा बेत डीडीआर४ वर ठीक होता, डीडीआर५ वर तो फारसा शहाणपणाचा राहिला नाही. नव्या पिढीचं मशीन घेताना पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करून दोनच स्टिक घ्याव्यात. ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकमध्ये चिपांची रचनाही थोडी कमजोर असते, म्हणून परवडत असेल तर १६-१६. २०२३ पासून २४ आणि ४८ जीबीच्या स्टिकही मिळतात, तोही एक मधला मार्ग आहे.

वेगाच्या आकड्यांवर लोक रात्री जागवतात. मी इथे थोडक्यात सांगतो. डब्यावरचा ३२०० किंवा ६००० हा आकडा माल किती वेगानं वाहतो ते सांगतो. पहिला थेंब यायला किती वेळ लागतो ते सीएल या आकड्यावरून कळतं. ३२०० ला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० ला सीएल ३० म्हणजेही १० नॅनोसेकंद. पिढी बदलली, वाहतूक जवळजवळ दुप्पट झाली, पण उशीर तोच राहिला. म्हणून ६००० ची पण सीएल ४० ची स्टिक पाहून हुरळून जायचं कारण नाही. रायझन ७००० आणि ९००० साठी ६००० ला सीएल ३० ही चांगली जागा आहे. त्यापुढचा वेग किमतीच्या मानानं फार कमी देतो. रायझन ७ ७८००एक्स३डीसारख्या ९६ एमबी एल३ कॅश असलेल्या प्रोसेसरवर तर फरक आणखी पुसट होतो, कारण त्याला रॅमकडे वारंवार जावंच लागत नाही. खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हे डब्यावरचा वेग लागू करणारं सेटिंग चालू केलं नाही तर ६००० ची स्टिक मुकाट्यानं ४८०० वर आणि ३२०० ची बहुधा २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. विकत घेतलेला वेग वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलेली मशीन आपल्याकडे फार आहेत. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्पीड' हा आकडा असतो. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांनी ही प्रस्तावना बाजूला ठेवून तो आत्ता पाहिला तरी चालेल.

ग्राफिक्स कार्डाशिवाय, रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जीसारख्या प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर खेळणारा वर्ग महाराष्ट्रात मोठा आहे, विशेषतः बारावीनंतर अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर मिळालेली मुलं. त्यांच्यासाठी वरचे सगळे नियम दुप्पट कडक आहेत. चित्रासाठी लागणारी मेमरी रॅममधूनच कापली जाते, त्यामुळे १६ मधली दोन-चार जीबी तिथे जाते. आणि चित्र काढण्याचा वेग मेमरीच्या वाहतुकीवरच अवलंबून असतो. अशा मशीनवर एका स्टिकऐवजी दोन लावणं ही कमी पैशांत होणारी सर्वांत मोठी सुधारणा आहे. आईवडिलांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण पैसे तेच देतात.

लॅपटॉपवाल्यांना निवड खरेदीच्या दिवशीच करावी लागते. काही लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डाला डाखलेली असते, ती नंतर बदलता येत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन स्लॉट असतात पण एकच भरून मिळतो. किती स्लॉट, किती भरलेले, हे दोन प्रश्न बिल होण्याआधी विचारावेत.

आणि आता किमतीचं. २०२३ मध्ये मेमरी इतकी स्वस्त होती की ३२ घ्या असं डोळे मिटून सांगता येत होतं. २०२५ च्या उत्तरार्धात भाव जगभर उसळले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींचंही लक्ष एआयच्या डेटासेंटरांना लागणाऱ्या एचबीएम मेमरीकडे वळलं. मायक्रॉनच्याच म्हणण्यानुसार तेवढेच बिट एचबीएममध्ये बनवायला डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतात. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीनं क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि डॉलरचा भाव. अशा काळात मोजून घेण्याची सवय नुसती हुशारी राहत नाही, ती गरज बनते. ज्यांच्याकडे डीडीआर४ चं, विशेषतः एएमडीच्या एएम४ सॉकेटचं चालू मशीन आहे त्यांनी फक्त मेमरीसाठी नवी पिढी गाठू नये. ८-८ च्या जागी १६-१६ किंवा मोकळ्या स्लॉटमध्ये त्याच जातीच्या दोन स्टिक एवढ्यानं भागतं. नवं मशीन घेणाऱ्यानं भाव उतरेपर्यंत १६ वर थांबायला हरकत नाही, पण त्याही दोन स्टिकमध्येच.

पुढची प्रकरणं याच क्रमानं जातात, फक्त सावकाश, प्रत्येक पडद्याचं चित्र देऊन. ज्याला तांत्रिक भाग नको असेल त्यानं थेट मोजमापाच्या प्रकरणाकडे जावं, बाकीचं अडेल तेव्हा उघडावं. एक गोष्ट मात्र कुणीही टाळू नये. नवी किंवा जुनी, कुठलीही मेमरी बसवल्यावर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. सदोष स्टिक लगेच ओळखू येत नाही. आठवड्यातून एकदा खेळ बंद पडतो, कधी निळा पडदा येतो, आणि दोष खेळाला किंवा विंडोजला दिला जातो. तपासणीत एक जरी चूक दिसली तरी एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून पुन्हा तपासा, आणि तरीही ती राहिली तर स्टिक बदलून घ्या. किट म्हणून घेतलेल्या दोन स्टिक साधारणपणे एकत्रच परत द्याव्या लागतात, तेव्हा बिल, डबा आणि दोन्हींवरचे सिरीयल नंबर पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा.